महाराष्ट्र खरंच पुढे आहे का? राज्याची कमाई आणि शहरांचे हाल एकत्र तोलायचे कसे

कुठल्याही चर्चेत दोन पार्ट्या असतात, एक म्हणते महाराष्ट्र देशात एक नंबर, जीडीपी बघा, परकीय गुंतवणूक बघा, दुसरी म्हणते कसला एक नंबर, लोकलला लटकून माणसं मरतायत, पुण्यात टँकर, संभाजीनगरात आठवड्याने पाणी. आणि गंमत नाही, दोघांकडचे आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. घोळ होतो तो मांडणीत. कमाई एका वहीत आणि त्रास दुसऱ्या वहीत, त्यामुळे जो तो आपापली वही उघडून भांडतो. मला विचाराल तर दोन्ही एकाच ओळीत लिहायचं, आणि ते पण जागेनुसार: हा पैसा कुठे तयार झाला, कोणाच्या हातात गेला, आणि त्याचा भार कोण उचलतोय. एमपीएससीवाले असा, कॉलेजचा प्रोजेक्ट असो, नोकरीसाठी कुठल्या शहरात जायचं हे ठरवत असा किंवा वॉर्डातल्या उमेदवाराला दोन प्रश्न विचारायचे असोत, ही पद्धत सगळीकडे चालते. वही-पेन किंवा एक्सेल शीट घ्या आणि सुरू करा.

आधी आकार आणि दरडोई वेगळं करा

सगळ्यात पहिला आकडा सगळे घेतात तो म्हणजे राज्याचं स्थूल उत्पन्न. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी साधारण मार्चमध्ये बजेटच्या आधी विधिमंडळात मांडतात, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या साइटवर मराठीत फुकट मिळते, ती डाउनलोड करून ठेवा, बाकी काही नाही वाचलं तरी ती वाचा. २०२४-२५ साठी त्यात राज्याचं उत्पन्न चालू किमतींना (म्हणजे महागाई धरून) सुमारे ४५.३ लाख कोटी रुपये धरलंय, वाढीचा दर ७.३ टक्के आणि दरडोई उत्पन्न सुमारे ३ लाख ९ हजार.

आता हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. ४५ लाख कोटी म्हणजे आकार, आणि आकारात आपण पहिले आहोत यात वादच नाही. पण महाराष्ट्र मोठाच आहे, २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख लोक, देशाच्या साधारण ९.३ टक्के. मग ९.३ टक्के लोक देशाचं १३ टक्क्यांच्या वर उत्पन्न काढतात, ही खरी ताकद आहे आणि ती मनापासून मान्य करायची. दरडोईत मात्र तेलंगणा, कर्नाटक, हरियाणा आपल्या पुढे आहेत. आणि चौथी गोष्ट, जी कोणी सांगत नाही, म्हणजे वाटा. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने २०२४ मध्ये राज्यांच्या वाट्यांचा एक जुन्या काळापासूनचा हिशोब काढला होता, त्यात देशाच्या जीडीपीतला महाराष्ट्राचा वाटा २०१०-११ च्या आसपास १५ टक्क्यांच्या वर होता तो २०२३-२४ ला १३.३ वर आलाय. म्हणजे आपण वाढलो, पण बाकीचे काही जास्त जोरात वाढले. त्याच हिशोबात आपलं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दीडपट आहे हे पण आहे. दोन्ही लिहा. फक्त एक लिहिलंत तर तुम्ही आधीच पार्टी निवडलीत.

म्हणून शीटमध्ये चार रकाने: आकार, दरडोई, वाढ, वाटा. कोणी "नंबर वन" म्हणालं की लगेच विचारायचं, यातल्या कशात?

पैसा कोणाच्या पत्त्यावर चढलाय ते बघा

ही पायरी बहुतेक लोक सोडतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जीएसटी वसुलीत महाराष्ट्र कायम पहिला. एफडीआयमध्ये, म्हणजे थेट परकीय गुंतवणुकीत, पहिला, २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय इक्विटी गुंतवणुकीतला जवळपास ३९ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा. ऐकायला जबरदस्त आहे, आणि काही अंशी आहेच. पण कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस मुंबईत असेल तर गुंतवणुकीची नोंद मुंबईच्या खात्यात होते, प्लांट मग कुठल्याही राज्यात टाकलेला असो. आयकराचं पण तेच, हेड ऑफिस जिथे तिथे कर जमा. मुंबईत रिझर्व्ह बँक, सेबी, बीएसई, एनएसई, बँकांची मुख्यालयं, सगळं एकवटलेलं, त्यामुळे देशभरात कमावलेला पैसा मुंबईच्या पत्त्यावर दिसतो.

याचा अर्थ आकडा खोटा असा अजिबात नाही. मुख्यालयं असणं ही पण ताकद आहे, त्याच्यामागे वकील, सीए, आयटीवाले, जाहिरातवाले, हॉटेलं असा मोठा रोजगार उभा राहतो. फक्त "इतके कोटी आले" वरून "इतके कारखाने आले" असं वाचू नका.

सामंजस्य कराराचं तर अजूनच जपून. जानेवारी २०२५ ला दावोसमध्ये राज्य सरकारने १५ लाख ७० हजार कोटींचे करार झाल्याचं सांगितलं. करार म्हणजे इरादा. जमीन ताब्यात, वीज जोडणी, बांधकाम, मग भरती, या चार टप्प्यांपैकी कुठपर्यंत गाडी आलीय ते शोधा, तो आकडा धरा. उलट बाजूनेही तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार म्हणून केवढं रान उठलं, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडली. म्हणजे आलेला करार पण मोजू नका आणि गेलेला करार पण मोजू नका, उभा राहिलेला प्लांट मोजा. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी इथले सुरू असलेले कारखाने आणि त्यातले कायम किती, कंत्राटी किती, हे दावोसच्या बातमीपेक्षा शंभरपट जास्त सांगतं.

राज्य सोडा, जिल्ह्यात उतरा

"महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न" हा आकडा म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे आणि नंदुरबार, वाशिम, गडचिरोली यांची सरासरी. त्या सरासरीत प्रत्यक्षात कोणीच राहत नाही. आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो, तो काढा, वरचे तीन आणि खालचे पाच जिल्हे शेजारी शेजारी लिहा, मग फरक डोळ्यांना दिसतो.

हा फरक नवा नाही. १९८४ ला वि. म. दांडेकर समितीने जिल्ह्याजिल्ह्यातला विकासाचा अनुशेष रुपयांत मोजला होता, सुमारे ३,१८६ कोटी निघाला. मग १९९४ ला घटनेच्या ३७१(२) कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं आली, २०१३ ला विजय केळकर समितीचा अहवाल आला, आणि एप्रिल २०२० ला या मंडळांची मुदत संपली. म्हणजे मोजमाप करणारे लोक आपल्याकडे चाळीस वर्षांपासून आहेत, मोजल्यावर पुढे काय झालं हा प्रश्न आहे.

अजून एक तक्ता बाजूला ठेवा, काम कोण काय करतं याचा. राज्याच्या उत्पन्नात शेती आणि जोडधंद्यांचा वाटा साधारण आठवा हिस्सा, पण २०११ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त कामकरी लोक शेतकरी नाहीतर शेतमजूर होते. आठव्या हिश्श्यावर निम्मी माणसं. मग बीडचा ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात का जातो, लातूर-नांदेडची पोरं पुण्यात एका खोलीत पाच जण का राहतात, हे वेगळं समजावायला लागत नाही. शहरांचे प्रश्न शहरात सुरूच होत नाहीत हो, ते सुरू होतात जिथे काम नाही तिथे. राज्यात कामाची दोनच मोठी केंद्रं ठेवली तर सगळी गर्दी तिकडेच जाणार, आणि मग आपण त्या शहरातल्या गर्दीला शिव्या देतो.

पाणी: लिटर मोजू नका, दिवस मोजा

शहराचे त्रास बरेच आहेत, पण सुरुवात पाण्यापासून करा कारण पाण्यात सगळं उघडं पडतं. पालिका नेहमी एमएलडी सांगते, म्हणजे रोज इतके दशलक्ष लिटर. शहरांसाठीचा निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. पुणे महापालिका धरणातून उचलते ते पाणी लोकसंख्येने भागलं तर निकषापेक्षा जास्तच भरतं, तरी हद्दीत नव्याने आलेल्या गावांतल्या सोसायट्या महिन्याला टँकरवर मेंटेनन्सचा मोठा हिस्सा घालवतात. मग सरासरीचा उपयोग काय? म्हणून हे विचारा: नळाला पाणी किती दिवसांनी येतं, किती तास येतं, आणि टँकर लागतो का. वस्तीनुसार. तीन प्रश्न, कुठल्याही शहराला लावता येतात.

आणि मग वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला बघा. म्हणजे शहर पाणी आणतं कुठून आणि सोडतं कुठे.

मुंबईचं उदाहरण घ्या. रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर, सात तलावांमधून, त्यातले विहार आणि तुळशी हे दोन छोटे तलाव तेवढे मुंबईत, बाकी भातसा, तानसा, वैतरणा, सगळी ठाणे-पालघर-नाशिककडची. एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा. हे भातसा धरण शहापूर तालुक्यात, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरणाच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात आणि तिथूनच मोठमोठ्या पाइपलाइनी मुंबईकडे जातात. माझ्या मते मुंबईच्या अर्थव्यवस्थेवर काहीही लिहायचं असेल तर शहापूरची ओळ त्यात असलीच पाहिजे, नाहीतर हिशोब अर्धवट आहे. मुंबईच्या प्रत्येक कोटीमागे शहापूरचं पाणी आहे आणि त्याबदल्यात शहापूरला काय मिळतं हा साधा, रास्त प्रश्न आहे.

पुण्याचं खालच्या अंगाने बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतून पाणी येतं, वापरून झालं की मुळा-मुठेत जातं, मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळते आणि भीमा जाते उजनी धरणात. पुण्यात वर्षानुवर्षं बरंचसं मैलापाणी शुद्ध न करताच नदीत सोडलं गेलं, म्हणून तर जपानच्या जायका या मदतसंस्थेच्या कर्जातून ११ नवीन मैलाशुद्धीकरण केंद्रं, एकूण ३९६ एमएलडी क्षमतेची, बांधायचा प्रकल्प घ्यावा लागला. आणि उजनीचं पाणी पितं कोण, तर सोलापूर. तेच सोलापूर जिथे नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांनी पाणी येत आलंय. पुण्याच्या आयटीचा आणि ऑटोचा पैसा पुण्याच्या खात्यात, घाण उजनीच्या खात्यात. हा एक ओळीचा हिशोब कुठल्याच बजेटमध्ये दिसणार नाही, तो तुम्हालाच लिहायचाय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यातले ५५ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. वाईटच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, जिथे जास्त ठिकाणी पाणी तपासतात तिथे जास्त सापडतंही, म्हणून दुसऱ्या राज्याशी तुलना करताना तपासणीची ठिकाणं किती ते पण बघा. आपल्याच राज्यातल्या गेल्या पाच वर्षांशी तुलना जास्त भरवशाची.

विजेचं पण अस्संच करून बघा. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं, वीज राज्यभर जाते, राख आणि धूर तिथेच राहतो. २००९ ला प्रदूषण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली त्यात चंद्रपूर होतं.

झोपडपट्टी कुठल्या रकान्यात टाकायची?

सगळे डोळे झाकून "समस्या" मध्ये टाकतात. २०११ ला बृहन्मुंबईतली सुमारे ४१ टक्के कुटुंबं झोपडपट्टीत राहत होती. एवढ्या लोकांना समस्या म्हणायचं म्हणजे शहराच्या निम्म्या कामगारांना समस्या म्हणणं. धारावीत चामड्याचं काम, कुंभारवाडा, शिलाईचे कारखाने, तेरा कंपाउंडमधलं प्लॅस्टिकचं रिसायकलिंग, हे सगळं उत्पादन आहे, मुंबईचं. कमाईच्या रकान्यात जायला हवं. समस्या कुठली? तर सार्वजनिक संडास, गटार, उजेड, हवा, आणि घर उद्या राहील की नाही ही भीती. ते वेगळं मोजा.

भिवंडीचं, मालेगावचं, इचलकरंजीचं पण असंच, यंत्रमागावर घरंच्या घरं चालतात आणि अधिकृत आकड्यांत ती धड दिसत नाहीत. त्यामुळे पुनर्विकासाची कुठलीही योजना तोलताना घर किती फुटांचं हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न म्हणजे घरातल्या घरात चालणाऱ्या धंद्याचं काय होणार, आणि जे "अपात्र" ठरतील ते कुठे जाणार. धारावीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला किती लांब पाठवलं जातं यावर त्याची नोकरी टिकणार की नाही ते ठरतं.

गिरणगावात हे होऊन गेलंय. जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार, नंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, मुंबईचं उत्पन्न वाढतच राहिलं. एकूण आकड्यात परळ-लालबागच्या त्या घरांचं काय झालं ते कुठेच दिसत नाही. म्हणून म्हणतो, एकूण आकड्यासोबत कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं हे लिहायचंच.

ट्रॅफिकपेक्षा "हे कोणाचं काम" हा प्रश्न मोठा

पुण्याजवळच्या हिंजवडीकडे बघा, कारण सगळ्या रोगाचं एकाच ठिकाणी निदान होतं. राजीव गांधी इन्फोटेक पार्क, लाखो लोकांची रोजीरोटी, डॉलरमध्ये कमाई. आता तुम्ही वाकडकडून कामाला निघालात असं धरा. हायवे आणि त्याचा सर्व्हिस रोड राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. भूमकर चौकाचा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. पार्कातले फेजचे रस्ते एमआयडीसीचे. आजूबाजूच्या हिंजवडी, माण, मारुंजी या गावांत ग्रामपंचायत. बांधकाम परवानगी आणि नियोजन पीएमआरडीएचं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), शिवाजीनगरपर्यंतच्या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं काम पण पीएमआरडीएचं. ट्रॅफिक पोलीस आयुक्तालयाचे. २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबलं तेव्हा एवढ्या सगळ्यांची मिळून एकत्र बैठक घ्यायला वरून मंत्री यावे लागले, कारण ओढा एकाच्या हद्दीतून वाहतो, त्यावरचं बांधकाम दुसऱ्याच्या परवानगीने आणि गटार तिसऱ्याचं. ग्रामपंचायतीचा जीव केवढा आणि तिच्या हद्दीत काम केवढं, याचा विचार केला तरी कळतं की इथे कोणा एकाची हरामखोरी शोधण्यात अर्थ नाही, रचनाच अशी आहे की कोणालाच पूर्ण पकडता येत नाही.

तर पायरी अशी: तुमच्या शहरातला एकच त्रास घ्या, अगदी एक चौक, एक नाला, आणि त्यावर कुठकुठल्या संस्थेचा हक्क चालतो ते लिहा. मुंबईत करून बघाल तर महापालिका, एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा (गृहनिर्माण), एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन), एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), रेल्वे, पोर्ट, बेस्ट. नावं जितकी जास्त तितका प्रश्न सुटायला वेळ जास्त, हा माझा आडाखा आहे आणि बहुतेक ठिकाणी तो बरोबर येतो.

त्यात लोकप्रतिनिधीच नसतील तर अजूनच वाईट. मार्च २०२२ ला मुंबई, पुण्यासह बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होते. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, तिच्या बाराव्या परिशिष्टात शहरांसाठी १८ विषय दिलेत, त्यातले तुमच्या पालिकेकडे प्रत्यक्षात किती आहेत ते तपासणं हा एका रविवारचा चांगला अभ्यास आहे.

पालिकेचा खिसा

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी, गोव्याच्या अख्ख्या राज्याच्या बजेटच्या दुपटीहून जास्त. पुणे महापालिकेचं १२,६१८ कोटी. हे आकडे बघून "पैशाला काय कमी" असं वाटतं, पण दोन गोष्टी तपासा. एक, हे अंदाज असतात, आधीच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च किती झाला तो बघा, भांडवली कामांचा अंदाज आणि खर्च यात किती दरी आहे तेच पालिकेच्या कामाचं खरं प्रगतिपुस्तक. दोन, पैसा येतो कुठून. आधी जकात होती (शहरात येणाऱ्या मालावरचा कर), मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, मुंबईची जकात जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली. म्हणजे शहराचा स्वतःचा सगळ्यात मोठा कर गेला आणि त्याजागी राज्याकडून भरपाईचा हप्ता आला. राहिला मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ केलाय, सामान्य माणसाला दिलासा आहे, पण कर भरणाऱ्यांची संख्या आटते ही त्याची दुसरी बाजू. आणि बांधकाम शुल्कावर जगणाऱ्या पालिकेला जास्त बांधकाम हवंच असतं, मग पाणी असो नसो. हे नीट लिहून ठेवा, शहरं अशी का फुगतात याचं निम्मं उत्तर इथे आहे.

राज्याचा खिसाही बघा, पण घाबरून नको. २०२५-२६ च्या बजेटमध्ये कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाईल असं दाखवलंय. आकडा अवाढव्य, पण राज्याच्या उत्पन्नाच्या तुलनेत १९ टक्क्यांच्या आतच, म्हणजे २५ टक्क्यांच्या मर्यादेच्या बरंच खाली. चिंता करायची तर महसुली तुटीची करा, ती ४५ हजार कोटींच्या वर, म्हणजे रोजचा खर्च भागवायलाही उसनं. लाडकी बहीण योजनेला त्याच बजेटमध्ये ३६ हजार कोटी ठेवले. महिन्याचे १,५०० रुपये कित्येक बायांच्या हातातला पहिला स्वतःचा पैसा आहे, त्याची किंमत मी कमी करणार नाही, पण त्याच वेळी एसटी, नळयोजना, छोट्या शहरांची गटारं यांच्या वाट्याला किती आलं हे शेजारी लिहायलाच लागतं.

आता तोलायचं

इथपर्यंत आलात की प्रत्येक जागेसाठी एक ओळ तयार होते: काय कमावते, कोणाच्या हातात जातं, भार कोणावर, जबाबदार कोण, पैसा आहे का. आता प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. हा त्रास कमाईला खातोय का? आणि कमाईतूनच त्रास तयार होतोय का?

मुंबईची लोकल घ्या. कोविडच्या आधी रोज सुमारे ७५ लाख फेऱ्या, एवढ्या स्वस्तात एवढी माणसं हलवणारी दुसरी यंत्रणा देशात नाही, मुंबईची निम्मी ताकद म्हणजे ही लोकल. आणि तिच्याच रुळांवर २०२३ मध्ये सुमारे अडीच हजार माणसं मेली. ताकद आणि जखम एकच. इथे "मेट्रो आली ना" म्हणून ओळ बंद करू नका. अटल सेतू २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ ला सुरू झाला, कोस्टल रोड आला, भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ ला आरे ते कफ परेड पूर्ण झाली, कामं मोठी आहेत, काही खरंच चांगली आहेत. पण प्रत्येकाला एकच माप लावा: कल्याण, विरार, दिवा, मुंब्रा इथून दुसऱ्या वर्गाच्या पासवर जाणाऱ्या माणसाचा यातून किती वेळ वाचला? सेतूवरून त्याची गाडी जात नाही, कारण त्याच्याकडे गाडी नाही.

काही ओळींत ताकद स्पष्ट जड निघेल, नाशिक किंवा कोल्हापूरसारख्या ठिकाणी, आणि तिथे गुंतवणूक वाढवायला वाव आहे असं सरळ म्हणा. काही ओळींत त्रास इतका वाढलेला असेल की कमाईच धोक्यात, हिंजवडी तसंच. छत्रपती संभाजीनगरला दोन्ही एकदम दिसेल, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक सिटीसारखी नियोजित औद्योगिक वसाहत आणि जुन्या शहरात जायकवाडी भरलेलं असतानाही नळ कोरडा, कारण धरणात पाणी असणं आणि पाइपलाइन असणं या दोन वेगळ्या गोष्टी. तिथली नवी पाणीयोजना १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेली.

आकड्याला आकडा वजा करून एकच गुण काढायचा मोह होईल. नका काढू. दावोसचे कोटी आणि सोलापूरचे कोरडे दिवस यांची वजाबाकी होत नाही. त्यापेक्षा "अमुक जागी ताकद जड, तमुक जागी त्रास जड, आणि या तीन ठिकाणी एकाच्या कमाईचा भार दुसरा उचलतोय" असं लिहिलेलं कुठल्याही रँकिंगपेक्षा उपयोगाचं.

तुलना करायचीच तर बरोबरीच्यांशी करा. तामिळनाडूत चेन्नईशिवाय कोइम्बतूर, तिरुपूर, होसूर अशी कामाची ठिकाणं पसरलेली आहेत, गुजरातेत अहमदाबादशिवाय सुरत, वडोदरा, राजकोट. कर्नाटकात मात्र बंगळुरूवर सगळा भार, आपल्यापेक्षाही जास्त एकवटलेला. या तिघांशी आपली केंद्रं किती पसरलीत हे बघितलं तर शिकण्यासारखं सापडतं. बिहारशी तुलना करून खूश होण्यात किंवा सिंगापूरशी करून रडण्यात काही मिळत नाही.

आणि तारखा लिहा, प्रत्येक आकड्यापुढे. झोपडपट्टी, स्थलांतर, शहरी लोकसंख्या यांचे आपले अधिकृत आकडे अजून २०११ चेच आहेत, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या आकड्यांवर उभ्या असलेल्या ओळींना वेगळा रंग द्या. नवीन जनगणना आली की सगळ्यात आधी शहरी लोकसंख्येची टक्केवारी बदला, २०११ ला ती ४५.२ होती, मग माणशी पाणी आणि माणशी पालिका खर्च परत काढा, कारण भागाकारातला खालचा आकडाच बदलणार आहे आणि वाघोली, बदलापूर, पनवेल अशा ठिकाणी तो खूप बदलेल.